झुलालरावांच्या दाढेचं तिसरं मूळ

झुलालराव पाटलांचा आपल्या साडूवर अजिबात राग नव्हता. हे ते स्वतःच दहा जणांना सांगत, आणि कोणी विचारलं नसलं तरी सांगत. साडूकडे जीप आहे म्हणून तुमच्या पोटात दुखतं असं त्यांच्या बायकोने, कमलबाईंनी, एकदा म्हटलं, तर त्यांनी दोन दिवस तिच्या हातचं वरण गोड लागत नसल्याचं दाखवलं. जीप सरकारी होती. सरकारी जीपचा हेवा कोण करतो, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मुद्दा ते वर्षातून चार-पाच वेळा तरी मांडत.

साडू म्हणजे धुळ्याचे मगनराव. इरिगेशनमध्ये ओव्हरसियर. डोक्यावर सोला हॅट, खिशात दोन पेनं, आणि आवाज असा की एरंडोलला सासऱ्यांच्या ओसरीवर बसून बोलले तरी मागच्या परसातली म्हैस रवंथ थांबवून ऐकायची. झुलालराव जळगावला एका कचेरीत आवक-जावक कारकून होते. त्यांच्याकडे सायकल होती. पण नात्याने ते थोरले. कमलबाई ही सासऱ्यांची, म्हणजे नानांची, पहिली मुलगी, मगनरावांची मंजुळा दुसरी. म्हणजे मोठे जावई झुलालरावच. यात कोणाला काही बदल करता येणार नव्हता. असं असूनही सासुरवाडीला चहाची पहिली कपबशी मगनरावांपुढे जायची, कारण ते मधोमध बसायचे आणि झुलालराव कोपऱ्यात खांबाला टेकून.

त्यात मागल्या वर्षी मगनरावांनी अक्कलदाढ काढून घेतली. साधी नाही, हिरडी कापून. धुळ्याच्या दातांच्या डॉक्टरांनी दाढेचा फोटो काढला होता, आणि मगनराव ती काळी फिल्म पाकिटात घालून एरंडोलला घेऊन आले. अंगणात उभे राहून त्यांनी ती उन्हाकडे धरली. नानांनी चष्मा लावला. शेजारपाजारची माणसं आली. एका म्हातारीने तर लांबूनच फिल्मला हात जोडले. झुलालरावांनीही पाहिली आणि बरी आहे म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांना आपल्या स्वतःच्या दातांबद्दल एक प्रकारची नाराजी वाटू लागली. चाळीस वर्षं बत्तीस दात तोंडात निमूट उभे होते आणि एकालाही काही करून दाखवावं असं वाटलं नव्हतं.

फाल्गुनात डाव्या बाजूची खालची दाढ दुखायला लागली. पोखरलेली ती आधीच होती, आता तिच्यात सुपारीचं खांड सहज राहील एवढा खड्डा पडला. त्याच आठवड्यात नानांचं पोस्टकार्ड आलं. धाकट्या मुलीचं, तानूचं, लग्न जमत होतं. मुलगा रावेरचा, घरी केळीचे मळे. पंधरा दिवसांनी रविवारी एरंडोलला बैठक, दोन्ही जावयांनी यावं. बैठकीत आपल्या बाजूने बोलणार कोण, हे मात्र नानांनी लिहिलं नव्हतं. झुलालरावांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, पत्त्याच्या बाजूलाही पाहिलं. मुलीकडून बोलणं हा मोठ्या जावयाचा मान. तानूच्या लग्नानंतर नानांच्या घरात लग्नाची मुलगीच उरणार नव्हती, म्हणजे हा मान मिळाला तर आत्ता, नाहीतर कधीच नाही. झुलालरावांनी त्याच संध्याकाळी आरशापुढे उभं राहून भाषणाची तयारी सुरू केली. "आमचं म्हणणं एवढंच" या वाक्यापर्यंत ते आले की दाढेतून कानापर्यंत कळ जायची.

शेजारचे रतिलाल कापडवाले मदतीला आले. त्यांनी लवंग सांगितली, मग हिंग, मग तंबाखूची राख, मग एक दिवस हे सगळं एकत्र. ते एकत्र केल्यावर झुलालरावांना दाढ सोडून बाकी सगळं तोंड दुखायला लागलं. शेवटी रतिलाल शहाण्यासारखं बोलले. तुमच्या साडूचा तो धुळ्याचा डॉक्टर चांगला आहे म्हणतात, तिकडे का जात नाही? कमलबाईंनीही नेमकं तेच म्हटलं. झालं, धुळ्याचं दार तिथेच बंद झालं. मगनरावांच्या डॉक्टरकडे मगनरावांच्या ओळखीने जायचं, आणि पुढची वीस वर्षं मगनरावांनी ते ओसरीवर सांगायचं. त्यापेक्षा दाढ गेलेली बरी, असं झुलालराव म्हणाले. दाढ जायचीच आहे, हे त्या भरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारच्या बाजारात भिकन उस्ताद बसायचा. पुढ्यात फडकं, फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग, आणि स्वतः अंगाने पैलवान. 'दाढ काढणे' असं कारण लिहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून झुलालराव त्याच्यापुढे उकिडवे बसले. "डोया मिचा, पाव्हणा," एवढंच भिकन म्हणाला. कडकन आवाज झाला आणि झुलालरावांच्या डोळ्यांपुढे दिवसाढवळ्या चांदण्या आल्या. भिकनने चिमट्यात धरलेली वस्तू वर केली. "निंघी ग्या बठ्ठा." म्हणजे सगळं निघालं.

झुलालरावांच्या तोंडातून रक्त येत होतं आणि मनात आनंद मावत नव्हता. मगनरावांना तासभर लागला होता, इंजेक्शन लागलं होतं, फोटो लागला होता. आपलं मिनिटात झालं, तेही शुद्धीवर. त्यांनी ती दाढ धुतली, बामच्या रिकाम्या बाटलीत कापसावर ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी एरंडोलला गेले. बैठक अजून आठ दिवसांवर होती, पण नानांना कपाशीच्या बियाण्याबद्दल काही विचारायचं होतं. झुलालरावांकडे शेत नव्हतं, हा भाग वेगळा.

नानांनी बाटली हातात घेतली, हलवली, आणि चार शब्द कौतुकाचे बोलणार तोच दाराशी जीप थांबली. मगनराव बाजूच्या कालव्याच्या कामावर आले होते. त्यांनीही दाढ पाहायला मागितली. तळहातावर घेऊन उलटी केली. मग आपल्या त्या आवाजात नाही, अगदी हळू, मायेने म्हणाले, "भाऊ, याला खाली काहीच नाही. हे नुसतं वरचं टोपण आहे. मुळं आतच राहिली."

त्यांनी मोठ्याने म्हटलं असतं, चेष्टा केली असती, तर झुलालरावांना उत्तर देता आलं असतं. कीव करणाऱ्या साडूला काय उत्तर देणार? झुलालराव म्हणाले की काही लोकांच्या दाढांना मुळं नसतातच, आपल्या घराण्यात कोणालाच नव्हती.  नानांनी बाटलीला झाकण लावून ती परत दिली.

मुळं होती. मंगळवारी सकाळी त्यांनी आपण असल्याचं कळवलं. गाल एवढा सुजला की डावा डोळा अर्धा मिटला आणि तोंड बोटभर उघडेना. आता धुळ्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बैठक रविवारी, आणि भाषण तर दूरच, त्यांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

रजेचा अर्ज घेऊन ते कचेरीत गेले, तर हेडक्लार्कने तो बाजूला सरकवला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शनिवारच्या अर्जाप्रमाणे सदर दाढ काढलेली आहे, रजा मंजूर होऊन नोंद झालेली आहे. काढलेली दाढ पुन्हा काढण्यासाठी रजा कशी देता येईल? शनिवारी दाढ काढली नव्हती म्हणावं, तर शनिवारची रजा खोट्या कारणावर घेतली असं होतं. दुसरी दाढ आहे म्हणावं, तर तसं लिहून द्या, आणि उद्या तपासणी झाली तर ती दाखवा. झुलालरावांनी 'पूर्वी काढलेल्या दाढेचा उर्वरित भाग काढणे' असं लिहिलं. साहेबांनी त्यावर 'खुलासा घ्यावा' असा शेरा मारला. खुलासा लिहून झाला, तो सोबतचं जुनं प्रकरण जोडलेलं नाही म्हणून परत आला. बुधवारी दुपारी झुलालराव स्वतः साहेबांच्या दालनात जाऊन उभे राहिले. साहेबांनी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाचल्याशिवाय सही केली.

जळगाव-धुळे एसटी एरंडोलवरून जाते. तिथे गाडी दहा मिनिटं थांबते, आणि त्या दहा मिनिटांत नानांच्या गल्लीतलं कोणी ना कोणी हमखास गाडीत चढतं. म्हणून झुलालरावांनी डोक्यावरून मफलर घेतला. चैत्र तोंडावर, गाडीत भट्टी पेटलेली, आणि हा एक माणूस नाकापर्यंत लोकरीत. त्यामुळे ज्यांनी एरवी पाहिलंही नसतं त्यांनीही वळून पाहिलं. शेजारी कमलबाई उघड्या चेहऱ्याने बसल्या होत्या, हे मात्र त्यांच्या योजनेत बसायचं राहून गेलं होतं. गल्लीतल्या एका बाईने चढताचढता कमलबाईंना ओळखलं, आणि मफलरकडे बोट दाखवून हे कोण म्हणून विचारलं. कमलबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, पण त्या लाजल्या. संध्याकाळपर्यंत एरंडोलात बातमी पोचली.

धुळ्याच्या स्टँडवर, निरोप आधीच पोचल्यामुळे, मगनरावांची जीप उभी होती. त्या जीपमध्ये झुलालराव आयुष्यात पहिल्यांदा बसले. गाडी आरामशीर होती, याचंही त्यांना वाईट वाटलं. मंजुळाने तांदळाची पेज केली, गादी घातली, भाऊजी भाऊजी म्हणून उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. मगनरावांनी डॉक्टरांकडे नेऊन हे आमचे मोठे साडू, माझ्याकडून आलेले पेशंट, अशी ओळख करून दिली. डॉक्टरांनी फोटो काढला, पेनिसिलिन टोचलं आणि शुक्रवारी सकाळी हिरडी कापून मुळं काढायचं ठरवलं.

शुक्रवारी मगनराव ऑपरेशनच्या खोलीतसुद्धा आले. माहितगार माणूस जवळ असावा म्हणून. पण डॉक्टरांनी छिन्नी आणि छोटी हातोडी हातात घेतली तेव्हा मगनरावांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांना बाहेर बाकावर नेऊन बसवावं लागलं. झुलालरावांनी ते एका डोळ्याने पाहिलं. सबंध आठवड्यातला तो पहिला सुखाचा क्षण होता.

दुसरा त्याहून मोठा होता. एक मूळ निघालं. बऱ्याच ठोकाठोकीनंतर दुसरं निघालं. डॉक्टर टाके घालायला वळले आणि थबकले, पुन्हा वाकून पाहिलं. मग उरलेला पाऊण तास ते घामाघूम होऊन काहीतरी काढत राहिले. शेवटी त्यांनी पांढऱ्या ताटलीत तीन तुकडे ठेवून झुलालरावांना दाखवले. "खालच्या दाढेला दोन मुळं असतात. तुम्हाला तीन होती. तिसरं आकड्यासारखं वाकडं. असं मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं आजच."

झुलालरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. सव्वा तास, सात टाके आणि तीन मुळं! मगनरावांच्या अक्कलदाढेला किती होती कोण जाणे, पण पुस्तकातली नक्कीच नव्हती. ताटली हातात घ्यावी म्हणून त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात कंपाउंडरने ती उचलून बादलीत रिकामी केली आणि बादली बाहेर नेली. डॉक्टरांनी हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी आवळली आणि बजावलं की पाच दिवस तोंड उघडायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही, टाके तुटतील.

बाहेर मगनराव सावरून बसले होते. आत येऊन त्यांनी डॉक्टरांच्या आधी स्वतःच जाहीर केलं की दोन्ही मुळं निघाली ना, छान झालं. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले होते. झुलालरावांनी घशातून आवाज काढला. मग तीन बोटं दाखवली. मगनराव म्हणाले, हो हो, गोळ्या दिवसातून तीन वेळा, माझ्या लक्षात आहे. कागद मागून लिहून देता आलं असतं. पण आपला मोठेपणा आपणच कागदावर लिहून साडूच्या हातात द्यायचा, हे झुलालरावांच्याने होईना.

अशा स्थितीत रविवार उजाडला. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. झुलालरावांना आजारी म्हणून मधोमध लोडाला टेकवून बसवलं, ज्या जागेसाठी त्यांनी बारा वर्षं वाट पाहिली होती. पण बोलायला बसले मगनराव. समोर मुलाचे काका, रावेरचे पुना आबा, आणि त्यांचे दोन भाऊबंद. पुना आबांनी पहिलीच गोष्ट सांगितली की वऱ्हाडाच्या पाच गाड्या येतील, गोतावळा मोठा आहे. नानांचा चेहरा उतरला. वैशाखात एरंडोलला विहिरींचा तळ दिसतो, पाच गाड्या माणसांना नुसतं पाणी पाजायचं तरी कुठून. मगनरावांनी कालव्याचं नियोजन, लोकसंख्या आणि उन्हाळा यांवर फार सुरेख भाषण केलं. ते ऐकताना झुलालरावांचं काळीज जळत होतं, कारण त्यातलं "आमचं म्हणणं एवढंच" हे वाक्य त्यांचं होतं. पुना आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाच.

 चहा आला. पुना आबांनी सहज चौकशी केली की या पाव्हण्यांना काय झालं. मगनरावांना तेवढंच हवं होतं. त्यांनी भिकनपासून सुरुवात केली, डॉक्टरांकडे आपण कसं नेलं ते सांगितलं, छिन्नी-हातोडी आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. "दोन मुळं होती आत," ते म्हणाले. "दोन्ही काढली."

हे मात्र झुलालरावांना सहन झालं नाही. ते लोडावरून ताठ झाले, सुजलेला डोळा वटारला आणि तीन बोटं मगनरावांच्या नाकासमोर रोखली.

 पुना आबांनी कपबशी खाली ठेवली. "तीन?" त्यांनी विचारलं.

झुलालरावांनी मान हलवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी नीट विचारत होतं.

"तीनच?"

झुलालरावांनी मांडीवर थाप मारली, तीन म्हणजे तीन. पुना आबा भाऊबंदांकडे वळले, थोडी कुजबुज झाली. मग ते म्हणाले, "मोठे जवाई बोलत नही, पन एकदाच सांगता. बरं, तीन गाड्या."

 मगनराव गोंधळले. झुलालरावांना काय झालं ते कळायला दोन मिनिटं लागली, आणि कळल्यावर तोंड बांधलेलं असल्यामुळे काही करता आलं नाही. वऱ्हाडाचा मुक्काम दोन दिवस की तीन यावर बोलणं आलं, तेव्हा मगनराव मध्येच ऑपरेशनकडे वळून म्हणाले की फार तर अर्धा तास लागला असेल. झुलालरावांनी एक बोट वर केलं. एक तास, आणि वर पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं बोटांवर कशी दाखवायची या विचारात ते होते तोवर पुना आबांनी एका दिवसाचा मुक्काम मान्य केला. बऱ्हाणपूरचा बँड आणायचा विषय निघाला आणि टाक्यात कळ आली म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटून गालावर हात ठेवला. पुना आबा घाईने म्हणाले की राहू द्या, गावचाच वाजंत्रीवाला चालेल.

मंडळी गेल्यावर नाना त्यांच्यापाशी आले. लग्नाला बारा वर्षं झाली, पण नाना कधी असे जवळ येऊन बसले नव्हते. "आज तुम्ही मोठा जवाई शोभनात," ते म्हणाले. "एक शबद नही बोलनात. आसंच ऱ्हात जा."

झुलालरावांना आनंद झाला आणि त्या आनंदातच कुसळ होतं. बारा वर्षं आपण जे बोलत आलो ते नानांना कसं वाटत होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पाच दिवसांनी पट्टी निघाली. आता ते सगळं सांगू शकत होते. पण तीन बोटं मुळांची होती असं सांगितलं, तर मान गेला. आणि नाही सांगितलं, तर पुस्तकातलं ते तिसरं मूळ जगात डॉक्टर सोडून कोणालाच कळणार नव्हतं. जळगावला रतिलालसुद्धा विचारायचे की दोनच मुळं होती म्हणे. झुलालराव दात दुखल्यासारखा चेहरा करून घरात जायचे.

वैशाखात लग्न लागलं. तीनच गाड्या आल्या. मंडपात पुना आबांनी मोठ्या जावयांना पुढे बोलावून उपरणं आणि नारळ दिला, आणि जमलेल्या माणसांना सांगितलं की बोलून काम करणारे पुष्कळ पाहिले, न बोलता करणारा हा एकच. झुलालराव मान खाली घालून बसले. सबंध दिवसात ते चार शब्दही बोलले नाहीत, कारण बोललं की लोकांना तेच हे जावई का अशी शंका येई. पलीकडे मगनरावांभोवती घोळका होता. तिथे दाढेचं ऑपरेशन चाललं होतं, भिकन, छिन्नी, हातोडी, सगळं. हसण्याच्या लाटा येत होत्या. ते ऑपरेशन झुलालरावांचं होतं, आणि ते सांगण्याचं सुख मात्र दुसराच घेत होता.

जेवणं झाल्यावर मगनराव घोळक्यातून उठले आणि उपरण्याकडे पाहत त्यांच्याजवळ येऊन बसले.  त्यांच्या त्या पाहण्यात काय आहे ते झुलालरावांनी लगेच ओळखलं. तशा नजरेने त्यांनी स्वतः बारा वर्षं पाहिलं होतं. मग मगनराव हळूच म्हणाले, "भाऊ, एक विचारू? त्या दिवशी बैठकीत तीन बोटं तुम्ही गाड्यांचीच दाखवली होती ना? खरं सांगा."

झुलालरावांनी नारळ घट्ट धरला. आजूबाजूला पाहिलं. पुना आबा दोन हातांच्या अंतरावर बसले होते, नाना त्यांच्या शेजारी.

"मग काय मुळांची दाखवेन?" झुलालराव म्हणाले. "गाड्यांचीच."

मगनरावांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं विचारलं," ते म्हणाले. "परवा डॉक्टर दुसऱ्या एका पेशंटला सांगत होते ते कानावर आलं, की तीन मुळांची एक दाढ त्यांनी काढली, पुस्तकात असते तशी, जळगावच्या कोणा पेशंटची. मला वाटलं तुमचीच की काय. आज इथे सगळ्यांसमोर सांगणार होतो, की आपलं चुकलं, भाऊंना तीन होती. असेल दुसरा कोणीतरी. नशीबवान माणूस."

आणि ते उठून पुन्हा घोळक्यात गेले. झुलालरावांनी तोंड उघडलं, पुना आबांनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि झुलालरावांनी ते मिटलं. मंडपाच्या त्या टोकाकडून आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मगनराव नव्याने आलेल्या दोन पाव्हण्यांना सांगत होते की खालच्या दाढेला दोनच मुळं असतात, आणि आमच्या भाऊंनाही दोनच होती.